सक्तीची क्षमा

आईवडिलांविरुद्ध तक्रार करणारा माणूस आपल्याकडे प्रथम कृतघ्न ठरतो. त्याची तक्रार काय आहे हे ऐकण्याची पाळी नंतर, आणि तीही क्वचितच, येते. मारहाण झाली असेल तर निदान वळ दाखवता येतात. परंतु ज्या मुलाला पाहुण्यांदेखत वर्षानुवर्षे हिणवले गेले, ‘तू झालाच नसतास तर बरे झाले असते’ असे जेवताना ऐकवले गेले, आठ-आठ दिवस अबोला धरून ज्याला न केलेल्या अपराधाची क्षमा मागायला लावली गेली, त्याच्यापाशी दाखवण्याजोगे काहीच नसते. चाळिशीतही वरिष्ठाने नुसती हाक मारली तरी त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला आपला उपदेश एकच असतो: झाले गेले विसरून जा, शेवटी आईबाप आहेत.

हा उपदेश अन्यायाच्या बाजूचा आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ते येथे मांडण्याचे कारण असे की, आपल्या चळवळीतही या प्रश्नाकडे सुखवस्तू माणसांचे चोचले म्हणून पाहिले जाते. आधी भाकरी, मग मन, असा तो क्रम. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र व गोवा धरून 13 राज्यांतील 12,447 मुलांशी तीत बोलणे झाले होते, आणि ही मुले काही केवळ सुखवस्तू घरांतली नव्हती. रस्त्यावर राहणारी, मजुरी करणारी, शाळा सुटलेली मुलेही त्यांत होती. दर दोन मुलांपैकी एकाने भावनिक छळ सोसल्याचे सांगितले. त्या छळाच्या 83 टक्के प्रकरणांत छळणारे खुद्द आईवडील होते. भाकरीचा आणि मनाचा प्रश्न एकाच झोपडीत एकाच वेळी राहतो, हे मान्य करायला आणखी किती पाहण्या हव्यात?

माझ्या विषयाने या बाबतीत काय केले तेही सांगितले पाहिजे. गॅरी बेकर यांनी 1974 साली मांडलेला एक सिद्धान्त अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. मराठीत त्याला ‘नाठाळ पोराचा सिद्धान्त’ म्हणता येईल. घराचा कर्ता परोपकारी असेल आणि पैशाचे वाटप त्याच्या हाती असेल, तर स्वार्थी पोरसुद्धा आपल्याच फायद्यासाठी साऱ्या घराच्या हिताचे वागते, असा त्याचा आशय. गणित सुबक आहे. पोर नाठाळ निघू शकते एवढे त्यात धरलेले आहे. कर्ताच नाठाळ निघाला तर काय, हा प्रश्न मात्र उद्भवतच नाही, कारण त्याचा परोपकार गृहीत आहे. अमर्त्य सेन यांनी 1990 सालच्या आपल्या निबंधात कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकत्र नांदतात हे दाखवून दिले. घराबाहेर पडून जगण्याची सोय ज्याला कमी, त्याची बाजू घरातल्या देवघेवीत लंगडी पडते. सेन यांचा रोख स्त्रियांच्या स्थितीवर होता. मुलाला तर अशी सोय जवळजवळ नसतेच.

म्हणूनच जखम भरून येण्याचा विचार अर्थकारणाला वगळून करता येत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी 1992 सालच्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: प्रथम सुरक्षितता, मग घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि त्यानंतर माणसांशी नव्याने नाते. क्षमा हा टप्पा त्यांत नाही. ती ज्याने सोसले त्याने द्यावी किंवा देऊ नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ती परस्पर देऊन टाकण्याचे कारण नाही. पण पहिला टप्पा पाहा. सुरक्षितता म्हणजे व्यवहारात काय? स्वतंत्र खोली, तिचे डिपॉझिट, दर महिन्याचे भाडे. माझ्या एका विद्यार्थिनीला एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली आणि वर्षभर मान खाली घालून बसणारी ती मुलगी वर्गात प्रश्न विचारू लागली. दिवाळीत वसतिगृह बंद झाले, तिला घरी जावे लागले. परतली ती पुन्हा मुकी होऊन. तिला बोलते व्हायला फेब्रुवारी उजाडला. वसतिगृहाच्या एका खाटेने जे साधले, ते माझ्या कोणत्याही सहानुभूतीने साधले नव्हते.

आता कायद्याकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मानसिक त्रास देण्यास बंदी केली. घरातल्या छळालाही बाल न्याय कायद्याचे (2015) पंचाहत्तरावे कलम लावता येते, कारण मुलाला अकारण मानसिक यातना देणारी क्रूरता त्यात आहे. परंतु सख्ख्या बापाविरुद्ध दहा वर्षांचे मूल फिर्याद देणार कोणाकडे? ते मोठे होते, कसेबसे दूर जाते, आणि तेथे त्याला गाठतो तो 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांनी पोसावे, असे तो सांगतो. त्या आईवडिलांनी मुलाला कसे वागवले याची चौकशी तो करीत नाही. सिंगापूरच्या 1995 च्या अशाच कायद्यात ही चौकशी आहे: आईबापाने मुलाचा छळ केला, त्याला टाकले वा त्याची हेळसांड केली असे सिद्ध झाले, तर न्यायाधिकरण मागणी फेटाळू शकते किंवा रक्कम कमी करू शकते. सिंगापूरची राजवट समाजवादी नाही, हे सांगणे नलगे.

म्हाताऱ्यांना उपाशी ठेवा, असा याचा अर्थ कोणी काढील. मी स्वतः त्याच कायद्याच्या लाभार्थींच्या वयाचा आहे. प्रश्न म्हाताऱ्यांना कोणी पोसायचे हा आहे. 2007 साली राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा दरमहा 200 रुपये होता आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी पुढची पंधरा वर्षे तो तेवढाच राहिला. त्याच 2007 साली शासनाने निर्वाहाचा बोजा कायद्याने मुलांवर टाकला. कुटुंब पवित्र आहे, हे वाक्य अर्थखात्याला फार स्वस्त पडते. त्याची किंमत छळ सोसलेला मुलगा भरतो. बहुधा मुलगीच भरते, कारण शुश्रूषेसाठी बोलावणे तिलाच येते.

उपचारांची स्थितीही तशीच. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय खर्चाने चालणारी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क मागण्यासाठी एखाद्या जिल्हा रुग्णालयावर मोर्चा गेल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. तोवर ज्याला फी परवडते तो बरा होतो, बाकीच्यांना बुवा आहेत.

सभेत लोकशाहीवर तासभर बोलून घरी आल्यावर कोणाला तोंड उघडू न देणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत, आणि त्यांच्या मुलांनी पुढे पक्षाकडे पाठ का फिरवली याची चर्चा आपण खासगीत करतो. ती शाखांच्या बैठकीत व्हावी. आणि अधिवेशनात तीन मागण्यांचा ठराव यावा: सुट्टीतही उघडी राहणारी वसतिगृहे, जगता येईल एवढे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, आणि 2007 च्या कायद्यात छळ सोसलेल्या अपत्यांसाठी अपवाद. अशा अपवादाचा फायदा घेऊन कोणीही चेंगट मुलगा खोटे आरोप करील, हा आक्षेप येईलच. त्याला उत्तर सोपे आहे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी मुलावर राहील, आणि तो तपासण्यासाठी नवे न्यायालयही उभारावे लागणार नाही. प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण त्याच कायद्याने आधीच नेमलेले आहे.