खोल्या मोजायच्या की गुंठे?

गेले चार महिने घर बघतोय. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे फ्लॅट नको, जिना नको, जुनं बैठं घर घेऊ असं घरात ठरलं. आपल्या तालुक्याच्या गावात ऐंशी-नव्वदच्या दशकात शिक्षकांच्या, एसटीवाल्यांच्या, बँकवाल्यांच्या सोसायट्या झाल्या. त्यांची पोरं पुण्याला गेली, काही त्याच्याही पुढं गेली. आता ती घरं एकेक करून विकायला निघालीत.

एजंटानं दोन घरं दाखवली, किंमत जवळपास सारखीच. पहिलं तीन गुंठ्यांत. घर जेमतेम साडेसहाशे फूट, दोन खोल्या नि स्वयंपाकघर, बाकी सगळं मोकळं, मागं एक आंबा. दुसरं दीड गुंठ्यात, पण खालीच पाच खोल्या, सगळीकडं फरशी. बायकोला दुसरं आवडलं. पोरगी दहावीला आहे. "आंब्याखाली दहावीचा अभ्यास होत नाही," असं ती म्हणाली आणि ते खरंच आहे.

मी पत्रकार असल्यामुळं म्हणा किंवा खोडच म्हणा, दोन्हीचे मंजूर नकाशे मागितले. दुसऱ्या घराचा नकाशा द्यायला मालकानं आठ दिवस लावले. टेप घेऊन गेलो तर पाचातल्या दोन खोल्या नकाशातच नाहीत! एक बाजूच्या मार्जिनमध्ये, एक मागच्या. सरकारी भाषेत याला सामासिक अंतर म्हणतात, म्हणजे हवा, उजेड नि आगीचा बंब आत यायला सोडायची जागा. त्या जागेवर पत्रा टाकून नंतर स्लॅब ओतला होता. बँकेच्या माणसानं फक्त मंजूर बांधकाम धरलं. म्हणजे पैसे पाच खोल्यांचे द्यायचे आणि कर्ज तीन खोल्यांवर घ्यायचं.

मालक म्हणाले, "अहो, घरपट्टी भरतो की आम्ही त्या खोल्यांची." हा गैरसमज गावात घरोघरी आहे. घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम ५३ खाली नोटीस आली तर ती येणार त्या वेळच्या मालकाला, म्हणजे मला. विकणारा तोवर पुण्यात.

आणि हे एका घराचं नाही. सोसायटीच्या त्या गल्लीत फिरून बघा. पुढच्या मार्जिनमध्ये दुकानाचा गाळा, बाजूला भाडेकरूची खोली, उरलेल्यावर कोबा. पावसाचं पाणी मुरायला हातभर माती नाही, मग ते रस्त्यावर येतं आणि आपण बातमी छापतो "पहिल्याच पावसात दाणादाण". गाडी लावायची जागाही त्याच खोल्यांखाली गेली, म्हणून गाड्या रस्त्यावर. प्रत्येकानं आपली आतली जागा वाढवली ती सगळ्यांच्या बाहेरच्या जागेतून.

आता तीन गुंठेवाल्या घराचंही गुणगान नको. एक गुंठा म्हणजे १०८९ फूट, तीनचे ३२६७ होतात, पण एजंटाच्या तोंडचे तीन गुंठे आणि भूमी अभिलेखच्या मोजणीतले तीन गुंठे एक असतीलच असं नाही. कधी कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत असतं, कधी विकास आराखड्यातला रस्ता पुढच्या पट्ट्यावरून जातो. उताऱ्यावर बहिणींची नावं असतात आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. सोसायटीचा प्लॉट असेल तर सोसायटीची संमती लागते. जुन्या घराचं वायरिंग, ड्रेनेज, गळका स्लॅब हा खर्च वेगळाच. पण यातलं बरंचसं आधी कागद बघून, मोजणी करून कळतं, आणि उरलेलं पैसे घालून दुरुस्त होतं. दीड गुंठ्याचे तीन गुंठे मात्र काही केलं तरी होत नाहीत.

आमच्या इंजिनिअरनं बघून सांगितलं, तीन गुंठ्यांत मार्जिन सोडून, परवानगी घेऊन आणखी दोनशे फुटांची खोली आरामात बसते. गवंडी फुटाला दोन हजार म्हणतोय, म्हणजे चार लाख. ते कुठून आणायचे हा माझा प्रश्न. पहिल्या वर्षी पोरीचं टेबल आमच्या झोपायच्या खोलीत लागणार आणि टीव्ही बंद राहणार, एवढं बायकोनं आधीच सांगून ठेवलंय.

नगरपरिषदेला एकच मागणी आहे. मंजूर नकाशे घरमालकाला चपला झिजवल्याशिवाय मिळाले पाहिजेत. घर घेणाऱ्यालाही प्लॉट नंबर सांगून ते बघता आले पाहिजेत. जुनी घरं आता भराभर विकली जाणार आहेत, आणि घेणारे आपल्यासारखेच, आयुष्यात एकदाच घर घेणारे आहेत.

मोजणीचा अर्ज मालकांनी करावा असं म्हणतोय, ते म्हणतात तुम्ही करा. रविवारी त्यांच्या मुलाशी पुण्यात बोलणं आहे. विसार अजून दिलेला नाही. कुणी अलीकडं या सोसायट्यांत घर घेतलं असेल तर मोजणीला किती दिवस लागले तेवढं खाली सांगा.