बारकी गोळी आणि इम्युनिटीचा डबा

नागपूरच्या लकडगंजात माझं औषधाचं दुकान आहे. गल्लीत लाकडाच्या टाली, समोर आरा मशीन, बाजूला पानठेला. दुकानातली सगळ्यात दर्शनी फळी प्रतिकारशक्तीची आहे. च्यवनप्राश, गुळवेलीचा रस, झिंकच्या गोळ्या, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, मुलांसाठी चॉकलेटी पावडरचे डबे. 2020 च्या आधी यातलं बरंचसं मागच्या कपाटात पडून असायचं. कोरोनात ते पुढे आलं आणि पुन्हा मागे गेलंच नाही. मार्जिन बरं सुटतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी सांगते, या भागातल्या माणसाची प्रतिकारशक्ती या फळीवर मिळत नाही. ती जिथे खर्ची पडते आहे, तिकडे आमचं लक्षच नाही.

हमाली करणारा एक माणूस येतो. पन्नाशीचा असावा. गुडघे धरलेत, पाठ धरली आहे. "ताई, पोरासाठी इम्युनिटीचा डबा दे न वो. अन् मले ते बारकी गोळी. भूक बी लागते, अंग बी दुखत नाही." डबा मिळतो, गोळी मिळत नाही. मग तो जरा नाराज होतो, "काऊन बाप्पा, सगळेच तर देतात," म्हणतो आणि निघून जातो. कुठे जातो ते मला माहीत आहे.

ती बारकी गोळी म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, तरी ती मिळते. कधी सुटी, पुडीत बांधलेली. कुठे 'देशी दवा' म्हणून दिलेल्या पावडरीतही तीच निघते. दुखणं दोन दिवसांत पळतं, चेहरा भरल्यासारखा दिसतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. आत मात्र उलटं चाललेलं असतं. सूज, ताप, वेदना ही शरीराच्या लढाईचीच लक्षणं. स्टेरॉइड लढाई थांबवतं म्हणून दुखणं थांबतं. दम्याच्या झटक्यात, संधिवातात, इतर काही आजारांत डॉक्टर मोजून-मापून ते देतात तेव्हा त्याच्यासारखं औषध नाही. पण पाठ दुखते म्हणून महिनोन्‌महिने खाल्लं तर रक्तातली साखर चढते, हाडं पोकळ होतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं. बरं, खूप दिवस घेणाऱ्याने एकदम बंद करणंही धोक्याचं. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं. म्हणून हे वाचून कुणी उद्यापासून गोळी फेकून देऊ नये, डॉक्टरकडे जावं. आणि दम्याच्या पंपाला यात ओढू नये. त्यातली मात्रा अगदी कमी असते आणि ती थेट फुप्फुसात जाते.

2021 चा उन्हाळा नागपूरकर विसरलेले नाहीत. कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस झाला. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा. ही बुरशी एरवी हवेत, मातीत असतेच. धडधाकट माणसाला काही करत नाही. त्या उन्हाळ्यात तिला जागा मिळाली ती बेताल साखरेमुळे आणि गरजेपेक्षा जास्त, जास्त दिवस घेतलेल्या स्टेरॉइडमुळे. त्याच काळात घरोघरी काढा उकळत होता. काढा पिणारा आणि बारकी गोळी खाणारा बरेचदा एकच माणूस होता.

तेव्हापासून 'इम्युनिटी वाढवा' हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. ती वाढवत न्यायची गोष्टच नाही, ताळ्यावर ठेवायची गोष्ट आहे. तिनं नको तिथे जोर केला की शिंका, दमा, अंगावर पित्त. स्वतःच्याच सांध्यांवर ती उलटली की आमवात. गुळवेलीबद्दलही अशीच शंका निघाली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही आणि वाद झाला. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: यकृताचा किंवा आमवातासारखा त्रास असलेल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय मी रसाची बाटली देत नाही.

विदर्भात तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं आहेत. गोंदिया, गडचिरोलीकडून इथे कामाला आलेल्या कुटुंबांत असं मूल असतं. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. रक्तातले जंतू गाळणारा अवयवच गेला, की न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत जिवावर बेततो. अशा मुलाला लागतं न्यूमोकोकसची लस, पहिली पाच वर्षं पेनिसिलीन, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. त्याच्या आईनं चॉकलेटी डब्यावर खर्च केलेला मला बघवत नाही. मी तिला सरकारी दवाखान्यातच पाठवते.

आता समोरची आरा मशीन. करवत सागवानात घुसली की बारीक भुसा धुरासारखा उडतो. संध्याकाळी कामगार काउंटरवर येतो तेव्हा त्याच्या पापण्या पिवळट झालेल्या असतात, मानेच्या घामावर भुश्याचा थर, नाकाला गुंडाळलेला दुपट्टा ओला. मागतो काय, तर खोकल्याचं औषध. नाकातले केस, नाकातला चिकटा आणि श्वासनलिकेतले झाडूसारखे हलणारे सूक्ष्म केस ही शरीराची पहिली राखण. भुसा रोज ती राखण थकवतो. मग साधी सर्दी छातीत उतरते आणि पंधरा दिवस जात नाही. हे झालं रोजचं. लांबचं सांगायचं तर लाकडाच्या भुश्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे, मुख्यतः नाकाच्या कर्करोगासाठी.

आणि वरून खर्रा. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून ठेल्यावर घोटतात, गोळा बांधून देतात. सकाळी सहाला कामावर निघालेला माणूस नाश्त्याच्या जागी खर्रा भरतो. भूक मरते, झोप उडते, काम होतं. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, खर्र्याला तिनं फारसा धक्का लागला नाही. तो तर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. काही वर्षांनी खाणाऱ्याच्या गालाची आतली कातडी ताठ होते, दोन बोटंही तोंडात जात नाहीत. मग तिखट सहन होत नाही, भाकरी चावत नाही, कोशिंबीर, पेरू, भाजी एकेक करून ताटातून जातं. उरतो चहा आणि चहात बुडवलेला टोस्ट. कर्करोगाबद्दल बोलतो तेव्हा आपण त्याच्या आधीची ही दहा वर्षं विसरतो. माणूस उपाशी नसतो, पण त्याचं पोषण केव्हाच थांबलेलं असतं.

पोषण हा शब्द मी मुद्दाम आणला. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांवर एक मोठी चाचणी झाली, 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. घरातल्या एकाला टीबी, बाकीच्यांना होऊ नये म्हणून काय दिलं? माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांना हे मिळालं, तिथे इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी निघालं. तांदूळ आणि डाळ! त्यासाठी इतवारीच्या धान्यबाजारात जावं लागतं, माझ्या दुकानात नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात तेव्हा व्हिटॅमिन सीची गोळी मागणाऱ्याला मी सरळ सांगते, भाऊ, दोन संत्री खा, पेरू मिळाला तर त्याहून बरं. आणि व्हिटॅमिन सी रोज घेतलं म्हणून सर्दी व्हायची थांबत नाही, हे बऱ्याच चाचण्यांतून दिसून आलेलं आहे.

झोपेबद्दल थोडक्यात. अमेरिकेत पिट्सबर्गला 153 धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिलं, तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. इथे ट्रक रात्री लागतात, माल रात्रीच उतरतो आणि तोच हमाल सकाळी आठला पुन्हा हजर असतो. त्याला 'लवकर निजा' हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

टालीच्या गादीवरच्या मालकांची गोष्ट वेगळी. त्यांची झोप होते, जेवण होतं, पण साखर तीनशेच्या घरात आणि चालणं गादीपासून गाडीपर्यंत. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. पायाची जखम महिनाभर चिघळते ती त्यामुळेच. साठीच्या पुढच्या मधुमेही माणसानं डॉक्टरांना विचारून फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी. सांगून थकले. महागातला च्यवनप्राश नेतात, लस म्हटलं की "बघू" म्हणतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लोक खोकला-रोगराईला ओरडून ओरडून गावाबाहेर हाकलतात. मला ती मिरवणूक मनापासून आवडते. पण तेव्हाही बघते, ओरडणाऱ्या निम्म्या तोंडांत खर्रा असतो.

इथले व्यापारी हात आखडणारे नाहीत. उन्हाळ्यात पाणपोया लावतात, ताक वाटतात, महाप्रसाद करतात. कोरोनात काढ्याची पाकिटंही वाटली गेली. तोच पैसा थोडा आत वळवावा, आपल्याच टालीवर. दुपारी कामगाराला वरण-भात मिळावा. रात्री ट्रक उतरवणाऱ्याला सकाळची सुटी असावी. आणि करवतीच्या तोंडाशी भुसा ओढून घेणारा पाइप बसवावा. यात नवं काही नाही. धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घ्यायची सोय करा, असं 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात लिहिलेलं होतं.

हे बोलले की उत्तर ठरलेलं असतं: "ताई, मास्क दिले आम्ही, हे लोक लावतच नाहीत." नाही लावणार. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, पत्र्याखाली, ओंडका ढकलताना तोंडावर घट्ट मास्क आठ तास कुणी लावत नाही. ज्याला वाटतं लावता येतो, त्यानं गादीवरून उठून एक दुपार करवतीजवळ तो लावून उभं राहावं. मास्क माझ्याकडून फुकट.