विहारात पडदा लावा, पण दिवे लागल्यावर उठू नका

"विहारात वादाचे विषय नकोत. काहीतरी आध्यात्मिक दाखवा, लोकांच्या मनाला शांती मिळेल." माहितीपटाचा कार्यक्रम ठरवायला बसलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं. सांगणारे परके नसतात. आपलेच, जयंतीला पुढे असणारे, निळा फेटा बांधणारे.

ठीक आहे, आध्यात्मिकच दाखवू. निमोण्यासारख्या गावात, विहाराच्या भिंतीवर, 'डुइंग टाइम, डुइंग विपश्यना' दाखवू. १९९७ चा माहितीपट, ५२ मिनिटांचा. आयलेट मेनाहेमी आणि आयलोना एरिएल या दोन इस्रायली बायांनी केलेला. किरण बेदी तिहार जेलच्या प्रमुख असताना तिथे विपश्यनेची शिबिरं झाली, १९९४ मध्ये हजारभर कैदी एकाच शिबिरात बसले, त्याची ही गोष्ट. निवेदन इंग्रजीत आहे, तेव्हा मध्ये थांबवून मराठीत सांगावं लागेल. शिबिर संपल्यावर कैदी रडतात ते बघून बघणाऱ्याचाही गळा दाटतो. ते खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही.

पण दिवे लागल्यावर आम्ही विचारणार: हे लोक आत कसे आले? या देशाच्या तुरुंगात दर चार कैद्यांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबित न झालेले. आपल्या समाजाचं आत असण्याचं प्रमाण लोकसंख्येतल्या आपल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. मग ज्याला जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसावं लागतं, त्याचं दुःख त्याच्या तृष्णेतून आलं की व्यवस्थेतून? श्वासाकडे बघून राग शांत होईल. तारीख मिळेल का?

हा सवाल आमचा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडा आणि प्रस्तावना वाचा. चार आर्यसत्यं मूळ शिकवणीत होती का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक, असे प्रश्न बाबासाहेब पहिल्याच पानांत टाकतात. 'अध्यात्म' या शब्दाच्या पोटातच आत्मा बसलाय. बाबासाहेबांनी आत्म्यावरचा विश्वास अधम्मात घातला. आपण तो शब्द विहाराच्या फलकावर लिहून मोकळे!

सिद्धार्थाने घर का सोडलं? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसला नव्हता? त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलिय भांडले, संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ म्हणाला, दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि चौघांनी मिळून निवडलेला पाचवा, हे बसून मिटवतील. त्याची सूचना पडली. घोडच्या आवर्तनावर शिरूर आणि श्रीगोंद्याची काय ओढाताण चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट समजावायला कुणा शहरी विद्वानाची गरज नाही. चिंचणीचं धरण आपल्याच तालुक्यात आहे. आणि त्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, हेही त्याच रात्री बोलू.

म्हणूनच कोरेगाव भीमा वादाचा विषय आणि विपश्यना शांतीचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. सोमनाथ वाघमारे यांचा कोरेगाव भीमावरचा माहितीपट २०१७ चा. तो दाखवतानाही आम्ही धम्माबद्दलच बोलत असतो. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा जण गेले. त्यावर आनंद पटवर्धन चौदा वर्षं राबले आणि 'जय भीम कॉम्रेड' झाला. तो पाहून कुणाचं मन अशांत होत असेल, तर होऊ द्या.

वर्षावासात तीन महिने गावोगाव ग्रंथवाचन चालतं. चांगली रीत आहे. पण एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी खीर. पोथीच्या पारायणात आणि यात फरक काय राहिला? नुसतं धर्मग्रंथ वाचणं म्हणजे धम्म असं मानणं, हेही बाबासाहेबांनी अधम्मातच घातलंय, आणि तेही याच ग्रंथात.

तेव्हा येत्या वर्षावासात निदान एका पौर्णिमेला पडदा लावा. चादर चालते, प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. ५२ मिनिटांच्या फिल्मला तासभर चर्चा ठेवा. पाहुणा, सत्कार, हारतुरे काही नको, त्यातच रात्र जाते. पहिला प्रश्न बायांना विचारू द्या. त्या मागे भिंतीला टेकून बसतात आणि स्वयंपाकाचं निमित्त करून आधी उठतात, म्हणून त्या दिवशी खीर पुरुषांनी करावी. आणि 'शांती' मागणाऱ्या काकांना पुढच्या सतरंजीवर बसवा. त्यांचं म्हणणंही पुरतं ऐकायचं आहे.

जय भीम!