पाखराला हाक मारण्याचा गुन्हा

आमची जात दगाबाज आहे हे सिद्ध करायला आता तितराला साक्षीला उभं केलंय.

एका दिवाळी अंकात एका निसर्गप्रेमी लेखकानं लिहिलंय की फासेपारध्याचा पाळलेला तितर म्हणजे विश्वासघाताची शाळा. जो माणूस पाखराकडून पाखराला फसवून घेतो त्याची नीती काय वर्णावी, असा एकूण सूर. अंक आमच्याकडं विकत आला नाही, रद्दीत आला, भजी बांधून. मी चौथीपर्यंत शाळेत. पुढचं सगळं शिक्षण असंच तेलकट कागदावर झालेलं. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर बॉबिनी काढतो आणि डोळ्यावर झोप असते तेव्हा कविता करतो. उत्तर लिही म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. पण तितराबद्दल बोलायचा हक्क माझा आधी, तुमचा नंतर, कारण माझ्या आज्यानं तितराच्या जिवावर अकरा तोंडं जगवली.

आधी तितर कसा बोलवतात ते ऐका. लेखकानं ते बघितलेलं नाही. तो लिहितो, पिंजऱ्यातला तितर गोड साद घालतो आणि भोळा रानतितर मैत्रीच्या ओढीनं येतो. गोड? तितराचा आवाज कधी ऐकलाय का साहेब? कतीतर, कतीतर, कतीतर. पत्र्यावर खडे मारल्यागत. ती साद नव्हं, शिवी आहे. नर तितराचा रानात आपला एक तुकडा असतो. एखादा बांध, चार बोरी, दोन बाभळी. पहाटे उठून तो सगळ्यांना बजावतो की हितवर माझं. आजा तांबडं फुटायच्या आधी आपला तितर नेमका त्या दुसऱ्याच्या तुकड्यात नेऊन ठेवायचा. पिंजऱ्यावर फडकं. भोवती गोल फासे. एका लांब दोरीला खुंट्या, आणि दोरीवर हारीनं फास, पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, मग नायलॉनचे. फडकं काढायचं आणि आपण लांब पालथं पडायचं. पिंजऱ्यातला बोलला की रानातला पेटतो. माझ्या घरात येऊन मलाच दरडावणारा हा कोण? उडत येत नाही, पळत येतो. पायाला मागं लढाईचा काटा असतो त्याच्या. मान पुढं, पिसं फुगलेली, डोळ्याला फास दिसत नाही.

यात मैत्री कुठाय? विश्वास कुठाय, ज्याचा घात व्हावा? रानतितर विश्वासानं येत नाही, रागानं येतो. आणि पिंजऱ्यातल्याला तर पत्ताच नाही की आपण कुणाला धरून देतोय. तो आपलं भांडण भांडतोय. पांढरपेशा कानाला शिवी आणि आमंत्रण यातला फरक कळत नसेल तर त्याला आम्ही काय करावं?

गंमत पुढंच आहे. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत एक सोबती मोबाइलवर फिल्म दाखवत होता. अमेरिकेतली, रानटर्कीच्या शिकारीची. (हे पाखरू आपल्याला अगदी परकं नाही. गोव्याच्या बंदरातून ते जहांगीर बादशहापुढं गेलं, बादशहाला त्याचं नवल वाटलं, आणि दरबारी चित्रकार मन्सूरनं १६१२ च्या सुमाराला त्याचं चित्र काढलं. ते चित्र आता लंडनच्या म्युझियममधे. आमचं काय काय तिकडं आहे ते विचारू नका.) बघता बघता हातातली भाकरी तशीच राहिली. हा तर माझा आजा! फक्त गोरा आणि अंगभर पानाफुलांचे कपडे घातलेला.

वसंतात नर टर्की उजाडायच्या आधी झाडावरून ओरडतो. मादी त्याच्याकडं चालत जाते, असा त्या पाखराचा रिवाज. शिकारी हा रिवाज उलटा करतो. झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडं बोलावतो. म्हणून नर अर्ध्यात येऊन अडतो. तू ये म्हणतो. अशा वेळी कच्चा शिकारी ओरडत बसतो. पक्का असतो तो गप्प राहतो. ती चुप्पीच खरी विद्या, कारण चुप्पीनं नराचा धीर सुटतो. माझा आजाही रानतितर अडून बसला की पिंजऱ्यावर फडकं टाकायचा. त्याला कुणी अमेरिकेत शिकायला पाठवलं नव्हतं.

आवाज काढायला त्यांच्याकडं सामान किती! झाकण घासायची लाकडी पेटी, जिचं पेटंट १८९७ साली अर्कान्सातल्या एका माणसानं घेतलं. टाळूला चिकटवायचा रबराचा पडदा. आणि चक्क पाटी. पाटीवर काडी घासली की मादी बोलते. आमच्या पिढ्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही म्हणून आम्ही अडाणी, आणि तिकडं पाटी-पेन्सिल घेऊन पाखरं मारतात. नर कुठं बसलाय ते कळत नसेल तर घुबडाचा नाहीतर कावळ्याचा आवाज काढायचा, तो दचकून ओरडतो आणि जागा दाखवतो. मग प्लास्टिकची मादी मांडतात. काही जण तिच्या शेजारी कोवळा नर मांडतात, तोही प्लास्टिकचा. म्हातारा नर ते बघून जळतो आणि चाल करून येतो. झाला का नाही तितर? शेवटी छर्‍याची बंदूक. तिथं एक नियम शिकवतात, लाल, पांढरा, निळा कपडा घालायचा नाही, कारण नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग, आणि एक शिकारी दुसऱ्यालाच टर्की समजून गोळी घालतो. आमच्या फाशात पाखराचा पाय अडकतो. माणूस मेल्याचं मी ऐकलेलं नाही.

या माणसाला तिकडं काय म्हणतात? खेळाडू. त्याच्याकडं परवाना असतो. १९३७ च्या कायद्यानं बंदुकी-काडतुसांवरचा कर रानजनावरांच्या कामाला लावला, म्हणून तो छाती काढून सांगतो की रान माझ्या पैशावर जगतं. १९७३ पासून टर्कीवाल्यांची मोठी संघटनाही आहे. आणि मुळात हे पाखरू वाचलं कसं तेही ऐका. बंदूक आणि जंगलतोड यांनी गोऱ्यांनी ते विसाव्या शतकाच्या सुरवातीपर्यंत बऱ्याच राज्यांतून पार पुसून टाकलं होतं. मग खुराड्यात वाढवलेली पाखरं सोडून बघितली, ती रानात टिकेनात. अखेर १९५० नंतर सरकारी माणसांनी मका टाकून उरलीसुरली रानटर्की गोळा केली, अंगावर तोफेनं जाळं उडवलं, धरली आणि नव्हती त्या रानात नेऊन सोडली. आज तिथं टर्की लाखांनी आहेत. आमिष, जाळं, जिवंत धरणं. ही विद्या फासेपारध्याची. त्यांच्या हातात तिला शास्त्र म्हणतात.

बदकांच्या शिकारीत जिवंत बदक बांधून बाकीची बोलवायला त्यांनी १९३५ साली बंदी घातली. बरोबर केलं. बदकं संपत चालली होती. पण नीट बघा, बंदी पद्धतीवर आली. बदक बांधणाऱ्याची बायको, पोरं, नातवंडं जन्मजात गुन्हेगार ठरली नाहीत. अर्थात तो बांधणारा गोरा होता. पंखाच्या हाडाची शिटी करून टर्की बोलवायची विद्या ज्या मूळच्या लोकांची, त्यांचं काय झालं? चॉक्टॉ, चेरोकी यांना १८३० च्या कायद्याच्या जोरावर त्यांच्याच रानातून मिसिसिपीच्या पलीकडं हाकललं. शिटी ठेवून घेतली. तिथला पारधीही हद्दपार झाला, हे आपल्या लेखकाला ठाऊक असायला हवं होतं. इंग्रजी वाचता येतं त्याला.

आमच्याकडं १८७१ चा कायदा आला आणि पुढं आमच्या जातीपर्यंत पोचला. त्यात पद्धत गुन्हेगार ठरली नाही. पोटातलं पोर गुन्हेगार ठरलं. हजेरी लागली. नाव पुकारलं की ओ द्यायची, नाही दिली तर तुरुंग. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरी बंद केली, पण ते एकच संस्थान. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली आणि आतल्या माणसांना गिरणीत जुंपलं. रान बोलवणारी माणसं भोंग्यानं बोलावली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, तर १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा केला. बाटली तीच. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जात बघून काम वाटायची आणि विमुक्तांवर जन्मापासून संशय घ्यायची कलमं होती, ती घटनाबाह्य आहेत हे सुप्रीम कोर्टाला ऑक्टोबर २०२४ मधे सांगावं लागलं.

शिकारीचा कायदा १९७२ चा. त्यात परवान्याची कलमं होती, ती १९९१ ला गेली. शिकार बंद झाली याबद्दल माझी तक्रार नाही. रान उरलंय किती ते मलाही दिसतं. पण राजेरजवाड्यांनी चित्ते पाळून काळविटं मारली, साहेबांनी वाघावर पाय ठेवून फोटो काढले, त्यांची शिंगं दिवाणखान्यात लागली. माझ्या आज्याचा पिंजरा एका पोलिसानं बुटाखाली चेपला आणि तितर त्याच रात्री शिजवून खाल्ला. मुद्देमाल हजम. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की फासेपारधी फाशात सापडलेली गाभण हरणी आणि पाडसं सोडून द्यायचे. हे लेखकाच्या निसर्गप्रेमात कुठंच बसत नाही.

काही पारधी वाघाच्या चोरट्या शिकारीत सापडलेत. हे खोटं नाही आणि मी त्यांची वकिली करत नाही. कातडं विकत घेणारा कोणत्या जातीचा, एवढंच एकदा छापा.

आता नीतीचं. लेखकाला नीती रामायणात सापडते, म्हणून तिथंच जाऊ. आदिकाव्याचा पहिला श्लोक म्हणजे क्रौंच पाखरू मारणाऱ्या निषादाला दिलेला शाप. म्हणजे तुमचं काव्य जन्मलंच आमच्यासारख्याला शाप देत. मग त्याच ग्रंथात किष्किंधेला काय होतं? सुग्रीवाला वालीच्या दारात नेऊन उभा करतात. तो गर्जना करतो. माझ्या हद्दीत कोण ओरडतो म्हणून वाली पेटून बाहेर येतो. झाडाआड राम धनुष्य ताणून. पहिल्या खेपेला दोघे भाऊ सारखेच दिसले, नेम धरता येईना, म्हणून दुसऱ्या खेपेला सुग्रीवाच्या गळ्यात खुणेची माळ घातली. ओळखलंत? पिंजरा तेवढा नव्हता. वाली मरताना विचारतो, लपून का मारलंस? उत्तर मिळतं की माणसं फास लावून, जाळी टाकून, लपून जनावरं मारतात, त्यात दोष नाही, आणि तू तर वानर. घ्या! फास लावण्यात दोष नाही हा निकाल खुद्द रामाच्या तोंडचा. मग निषादाचं अपील कुणी ऐकायचं? म्हणाल, क्रौंचाची जोडी रमली होती, म्हणून शाप. वालीलाही तारेनं मिठी मारून अडवलं होतं. वालीवधावरचा प्रश्न बाबासाहेबांनी ‘रिडल्स’मधे विचारला, ते १९८७ साली छापलं गेलं तर महाराष्ट्रात रान पेटलं. प्रश्न तसाच राहिला, पेटवणारे मोठे झाले.

आणि हे आपल्यातल्या कवींनाही सांगतो. आपला एखादा मंत्रिपदाला गेला, महामंडळावर बसला, की लगेच त्याला पिंजऱ्यातला तितर म्हणून कविता पाडता. अशा चार कविता मी याच पानांत वाचल्यात. तितराला शिव्या देणं स्वस्त आहे, तो पिंजऱ्यात आहे, उलटा येणार नाही. पण पिंजरा पहाटे उचलून आपल्या तुकड्यात आणून ठेवला कुणी? फडकं कधी काढायचं आणि कधी टाकायचं, ते कोण ठरवतं? त्या माणसावर ओळ लिहा की. ती लिहिताना हात का थरथरतो? आणि आपण एकमेकांच्या हद्दीवर, तू कुठल्या गटाचा न् मी कुठल्या गटाचा म्हणत, पिसं फुगवून पळत सुटतो, तेव्हा पायाखाली बघतो का?

आजा गेला त्याला सहा वर्षं झाली. तो तोंडानं कितीक आवाज काढायचा, त्यातले मला तीन येतात. तितर, लावा आणि कोल्हा. बाकीचे कुणी टिपून घेतले नाहीत. निसर्गप्रेमी लोक पाखरांचे आवाज टिपायला महागडी यंत्रं घेऊन आमच्या माळावरून जात होते तेव्हा आजा जिवंत होता. त्यांनी त्याला रस्ता विचारला.

हा अंक लेखकसाहेबांना पोस्टानं जातोय. उत्तर आलं तर संपादक छापतील. तितर ऐकायचाच असेल तर माझी सुट्टी रविवारी. गिरणीमागच्या माळावर पहाटे पाचला यावं, पिंजरा नाही, फासे नाहीत, तोंडानं काढून दाखवतो. रानतितर आला तर येईल रागानं, साहेबांनी तेवढं लांब उभं राहावं.