शिल्लक गोळ्या

मागे एकदा ऐन पावसाळ्यात कुरखेड्यास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांच्या नातवाला हिवताप झालेला. रक्ततपासणीत जंतू फाल्सिपेरम जातीचा निघाला. पहिल्या दिवसाच्या औषधानेच ताप उतरला, तशी आजींनी उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. "ताप गेला ना? मग पोराला विष कशाला पाजायचं?"

आजींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. विष खरेच, पण ते कुणाला? हा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्या खाण्यातून लोहयुक्त 'हीम' मोकळे होते. आर्टेसुनेटच्या रेणूची या लोहाशी गाठ पडली की तो फुटतो आणि त्याचे तुकडे जंतूच्या प्रथिनांची नासधूस करतात. अधाशाला त्याचाच घास बाधतो, म्हणाना! या औषधाचे मूळ आर्टेमिसिनिन. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने १९७२ साली ते एका वनस्पतीतून वेगळे काढले. २०१५ साली बाईंना नोबेल मिळाले.

मात्र हा पाहुणा काही तासांतच शरीरातून निघून जातो. म्हणून तर गोळ्या तीन दिवसांच्या, आणि सोबत रेंगाळणारे दुसरे औषध. मध्येच थांबलो, तर उरलेसुरले जंतू पुन्हा वाढतात आणि ताप उलटतो.

हे सारे मी आजींना सांगितले. क्षणभर त्या नातवाकडे बघत राहिल्या. मग उठून फळीवरचा डबा काढीत म्हणाल्या,

"म्हणजे चोर अजून घरातच आहे म्हणा की!"