डिस्काउंट कुणाच्या खिशातून?

रात्री साडेअकराला फोन वाजला. न्यू जर्सीची मैत्रीण. तिच्याकडे भरदुपार, माझ्याकडे डोळ्यांवर झोप. पण ‘हॅलो’वरूनच कळलं की बाई तापलेली आहे.

“अगं, फक्त दहा टक्के मागितले! डोंबिवलीत भाजीवालासुद्धा वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतो आणि ही चार तिकिटांवर एक डॉलर सोडायला तयार नाही!”

झालं होतं असं. सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेला आलेत. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, मॉलमध्ये जाऊन सासूबाईंचे पाय दुखायला लागले. मग टूम निघाली क्रूझची. बायोनच्या बंदरातून बसायचं, बर्म्युडाला जाऊन यायचं, पाच रात्री. विमान नको, बॅगा उचलणं नको. मैत्रिणीनं आधी कंपनीच्या वेबसाइटवर भाव पाहून ठेवला. मग गेली एडिसनच्या ओक ट्री रोडवर, एका गुजराती एजंटबाईंकडे. दरवर्षीची मुंबईची तिकिटं त्याच काढून देतात. बाईंनी कॉम्प्युटरवर खटाखट बटणं दाबली आणि सांगितलेला भाव वेबसाइटच्या भावाशी डॉलरला डॉलर जुळला. डिस्काउंट? “बेटा, नहीं होगा.”

हिनं घरी येऊन एका मोठ्या ऑनलाइन एजन्सीला फोन लावला. तिथला पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, वेबसाइटपेक्षा आठ टक्के कमी देतो मॅडम. फक्त ईमेलवर लिहून मागू नका.

इथे माझी झोप उडाली. स्वस्त देतोय तर ओरडून सांगायला हवं. लिहून का देत नाही?

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामाला दांडी मारून (एडिटर, हा पॅराग्राफ वाचू नका) मी या भानगडीचं मूळ शोधत बसले. ते सापडलं २००४ मध्ये.

त्याआधी अमेरिकेत क्रूझचा बाजार म्हणजे आपल्या क्रॉफर्ड मार्केटसारखा होता. क्रूझ कंपनी एक भाव छापायची आणि एजंट आपल्या कमिशनमधला तुकडा तोडून गिऱ्हाइकाला द्यायचा. यालाच तिकडे रिबेट म्हणतात. गिऱ्हाईक खूश, पण यात एक मेख होती. कमिशन साधारण दहा टक्क्यांपासून सुरू होतं आणि जितका धंदा जास्त तितकं वर चढतं. मोठ्या एजन्सीला पंधरा-सोळा टक्के मिळायचे, ती त्यातले आठ सहज सोडायची. कोपऱ्यावरच्या छोट्या एजंटला दहा मिळायचे, तो आठ सोडून खाणार काय? लोक तासभर त्याचं डोकं खायचे, केबिन निवडून घ्यायचे, ब्रोशर उचलायचे आणि बुकिंग करायचे तिसरीकडेच!

२००४ मध्ये रॉयल कॅरिबियननं जाहीर केलं की आमचं तिकीट आमच्याच भावात विकायचं, कमिशन गिऱ्हाइकाला वाटायचं नाही. कार्निव्हलनंही त्याच सुमारास स्वस्त जाहिरातींना लगाम घातला. दुकान कुठलंही असो, भाव एकच. छोटे एजंट हुश्श झाले. कंपन्यांनाही यात स्वतःचं भलं दिसत होतंच, कारण रोज कुणीतरी वेगळा भाव सांगत असेल तर छापलेल्या भावाची किंमत काय राहिली?

म्हणजे ओक ट्री रोडच्या बाई खडूस नाहीत. नियमानं चालतायत. आणि तो गोड पोरगा नियम मोडतोय, म्हणूनच पुरावा नको म्हणतोय.

“पण हे लीगल आहे का?” मैत्रिणीचा पुढचा सवाल. (नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पण वकिली हिच्या अंगात.) प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मारुती सुझुकीचं प्रकरण आठवतंय? ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त डिस्काउंट डीलरनं देऊ नये यासाठी कंपनी नकली गिऱ्हाइकं पाठवून तपासणी करते, असा ठपका ठेवून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला २०० कोटींचा दंड ठोकला. कंपनी अपिलात गेली. मग क्रूझवाल्यांना का चालतं? फरक बारीक आहे. डीलर गाडी विकत घेतो आणि मग तुम्हाला विकतो. माल त्याचा झालेला असतो. क्रूझचा एजंट केबिन विकत घेतच नाही. केबिन शेवटपर्यंत कंपनीची, एजंट नुसता मध्ये. ज्याचा माल, भाव त्याचा!

आता खरी गंमत हिशोबात आहे. कागद-पेन घ्या. (कॅल्क्युलेटरही चालेल, आपल्या पिढीचे पाढे पक्के नाहीत.)

समजा तिकीट माणशी १,००० डॉलर. त्यातले १७० टॅक्स आणि बंदराचे खर्च. त्यावर एजंटला कमिशन नाही, हे समजण्यासारखं आहे. उरले ८३०. त्यातला आणखी एक तुकडा, समजा १८०, असा असतो की तो भाड्यातच धरलेला असतो, कंपनीच्याच खिशात जातो, पण त्यावरही कमिशन मिळत नाही. धंद्यात याला ‘एनसीएफ’ म्हणतात, नॉन कमिशनेबल फेअर. म्हणजे कमिशन ६५० वर. बारा टक्के धरले तर ७८ डॉलर.

मैत्रिणीनं मागितले होते दहा टक्के. म्हणजे १०० डॉलर. बाईंनी स्वतःचे ७८ सोडायचे, वर पर्समधून २२ काढायचे आणि माणशी असे करत चौघांना बर्म्युडाला पाठवायचं! मोठी एजन्सी सोळा टक्क्यांवर असेल तर तिला १०४ मिळतात. ८० सोडून २४ उरतात, आणि ती दिवसाला शेकड्यानं तिकिटं विकते.

हा आकडा सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती.

हा एनसीएफ नावाचा प्राणी आला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात जाहिरातीत भाडं मोठ्या अक्षरात असायचं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘पोर्ट चार्जेस वेगळे’. लोकांना वाटायचं, हे पैसे बंदराला जातात. पण त्यातला बराच भाग कंपनीकडेच राहत होता. फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरलनं चौकशी लावली आणि १९९७ मध्ये क्रूझ कंपन्यांनी मान्य केलं की यापुढे सरकारला जातात तेवढेच पैसे वेगळे दाखवू. मग उरलेला भाग गेला भाड्यात. पण भाड्यात गेला म्हणून त्यावर एजंटला कमिशन थोडंच द्यायचं? त्याला नवं नाव मिळालं. गिऱ्हाइकाला लावलेली कात्री एजंटकडे वळली, एवढाच बदल. नॉर्वेजियननं २०२३ पासून लवकर केलेल्या बुकिंगवर एनसीएफचा नियम सोडला. बाकी बऱ्याच ठिकाणी तो अजून ठाण मांडून आहे.

छोट्या अक्षरांचा खेळ मात्र बराच कमी झालाय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा आहे की सक्तीचे सगळे चार्जेस जाहिरातीतल्या भावातच दाखवायचे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा कंपन्यांनी मग अख्ख्या अमेरिकेसाठी तसंच केलं. फक्त टिप त्यात नाही. टिप ‘ऐच्छिक’ ना! साध्या केबिनला माणशी रोज १६ ते २० डॉलर आपोआप बिलात लागतात. मैत्रिणीच्या चौघांचे पाच रात्रींचे ३२० ते ४०० झाले. जे दहा टक्के ती वाचवायला निघाली होती, तेवढेच!

आणि कंपनी स्वतः? ती एजंटला म्हणते डिस्काउंट देऊ नको आणि आपण मात्र रोज भाव बदलते. दुसरा प्रवासी अर्ध्या भाड्यात, मुलं फुकट, या वीकएंडला बुक केलंत तर बोटीवर खर्चायला पैसे. सेल हवा तर तो आमचाच! याचं कारणही धंद्यात आहे. बोट सुटली की रिकामी केबिन म्हणजे शिळी इडली, उद्या विकता येत नाही. शिवाय तिकीट ही नुसती सुरुवात. कार्निव्हल ग्रुपची २०२४ ची कमाई सुमारे २,५०० कोटी डॉलर, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश भाग लोकांनी बोटीवर केलेल्या खर्चातून आला. दारू, कसिनो, स्पा, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या टूर. म्हणून केबिन भरलेली हवी. पण शेवटच्या आठवड्यात भाव पाडला की सहा महिने आधी बुक केलेला माणूस चिडतो आणि पुढच्या वेळी सगळेच थांबून राहतात. रॉयल कॅरिबियननं २०१५ मध्ये सांगून टाकलं की तोंडावर आलेल्या ट्रिपचे भाव पाडणार नाही. तेव्हा ‘शेवटच्या क्षणी बघू, स्वस्त मिळेल’ हा आपला लाडका फंडा सगळीकडे चालतोच असं नाही.

एक उपप्रश्न मैत्रिणीच्या नवऱ्याकडून आला. “मीच एजंट झालो तर?” एजंटांना स्वतः फिरायला स्वस्तात मिळतं म्हणे. मिळतं, पण ते धंदा करणाऱ्या एजंटांना, जागा शिल्लक असेल तेव्हा. हा शहाणपणा २०००च्या दशकात लाखभरांहून जास्त लोकांनी करून पाहिलाय. ‘वायटीबी’ नावाची कंपनी सुमारे ४५० डॉलर घेऊन तुम्हाला ट्रॅव्हल वेबसाइट द्यायची, वर दरमहा पन्नासेक डॉलर. मग तुम्ही आणखी मेंबर आणायचे. ओळखीचं वाटतंय? सोसायटीतल्या काकांनी साबण आणि पावडरीची साखळी अशीच गळ्यात घातली होती. रॉयल कॅरिबियननं २००७ मध्ये तिच्याशी संबंध तोडले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनं, ही पिरॅमिड स्कीम आहे म्हणत तिच्यावर खटला भरला आणि २००९ मध्ये दहा लाख डॉलर भरून कंपनीनं तो मिटवला. नवऱ्यानं विषय बदलला.

मग एजंटकडे मागायचं तरी काय? भाव नाही, पण बाकी बरंच. एजंट काही केबिन्स आधीच ग्रुपच्या नावानं धरून ठेवतात. सोळा प्रवासी भरले की साधारण एक बर्थ फुकट सुटते. तिचा फायदा सगळ्यांत वाटता येतो, आणि ग्रुपचा धरलेला भाव पुढे वाढलेल्या भावापेक्षा कमीही निघू शकतो. तुमच्या तारखेला असा ग्रुप आहे का, एवढं विचारायचं. केबिनमध्ये वाइनची बाटली, एखादं जेवण, बोटीवर खर्चायला थोडं क्रेडिट, हेही विचारायला हरकत नाही. तसं मागायला मात्र लाजतो आपण. टक्के मागायला लाजत नाही!

आपल्याकडचे एजंट क्रूझच्या मागे का लागलेत, त्याचंही उत्तर कमिशनमध्येच सापडतं. अमेरिकेत डेल्टानं २००२ मध्ये विमान तिकिटावरचं ठरलेलं कमिशन शून्यावर आणलं, बाकीच्या कंपन्या मागोमाग गेल्या. आपल्याकडे तीच वेळ २००८ मध्ये आली. विमानाचं तिकीट काढून देणारा माणूस तेव्हापासून सर्व्हिस चार्जवर जगतोय. क्रूझ कंपन्यांनी कमिशन चालू ठेवलं. दादरचा एजंट तुम्हाला सिंगापूरच्या विमानापेक्षा सिंगापूरच्या बोटीबद्दल जास्त उत्साहानं बोलतो, तेव्हा त्याला समुद्राचं प्रेम अचानक आलेलं नसतं.

शेवटी मैत्रीण परत ओक ट्री रोडवर गेली. बाईंनी तिला चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. “मम्मी-पापा का वीजा मल्टिपल एंट्री है ना?” बर्म्युडाला जायचं म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन परत आत यायचं. गोड पोरानं हे विचारलं नव्हतं. वेबसाइटनंही तिला असं थांबवून विचारलं नव्हतं. पासपोर्ट काढून बघितले, व्हिसा बरोबर होता. सासऱ्यांचे गुडघे बघून बाईंनी लिफ्टजवळची केबिन दिली, दोन्ही केबिन शेजारी. वाइनची बाटलीही कबूल केली, जी घरात कुणीच पीत नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन, या वेळी सभ्य वेळेला. कंपनीनं भाव माणशी ६० डॉलरनं उतरवला होता. पूर्ण पैसे भरायची शेवटची तारीख उलटेपर्यंत तिकडे नव्या भावात बुकिंग बदलून घेता येतं, पण ते कुणीतरी लक्ष ठेवून करावं लागतं. बाईंनी न सांगता केलं होतं. चौघांचे २४० डॉलर वाचले.

“बघ, दिलाच शेवटी डिस्काउंट!” मैत्रीण खूश.

मी पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. भाडं उतरलं की कमिशनही उतरतं. बाराच टक्के धरले तरी बाईंचे जवळजवळ २९ डॉलर गेले होते. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, “हो? मग बोटीवरून त्यांच्यासाठी काहीतरी आणायला हवं.” आणि मागून सासऱ्यांचा आवाज आला, त्यांना इतके दिवस एकच गोष्ट विचारायची होती. बोटीवर चहा फुकट आहे ना?

आहे, काका. दिवसभर.