पुढचा बॉस कोण?

२६ जानेवारी २०२४. शुक्रवार, म्हणजे आयता लाँग वीकेंड. सोसायटीतलं झेंडावंदन उरकलेलं, जिलबी पोटात गेलेली आणि दुपारी मी मस्त ताणून दिलेली. चारच्या सुमारास फोन वाजला. आमच्या गँगमधला सीए. हा माणूस फोन करतो तेव्हा एकतर कुणीतरी हॉस्पिटलमध्ये असतं, नाहीतर माझं रिटर्न भरायचं राहिलेलं असतं.

‘‘चालला,’’ तो म्हणाला.

‘‘कोण?’’ मी ताडकन उठून बसले.

‘‘क्लॉप.’’

माझा चेहरा बघून आईने विचारलंच, ‘‘काय गं, कोण गेलं?’’ आता तिला काय सांगणार? की युर्गन क्लॉप नावाचा एक दाढीवाला जर्मन गृहस्थ, जो आपल्याला ओळखत नाही, सातेक हजार किलोमीटरवर नोकरी करतो आणि ती सोडतोय म्हणून तुझ्या मुलीच्या घशात आवंढा आलाय?

ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी शॉर्टमध्ये. लिव्हरपूलने १९९० नंतर इंग्लंडची लीग जिंकलीच नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप आला. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये लीग. तीस वर्षांचा दुष्काळ संपला. आपल्याकडे क्रिकेटचा कोच कोण यावर कुणी रात्र जागवत नाही. इंग्लंडमधला मॅनेजर म्हणजे मात्र सिलेक्टर, कोच आणि घरातला कर्ता माणूस, सगळं एकात. खेळाडू त्याला ‘बॉस’ म्हणतात. तर त्या दुपारी या बॉसने व्हिडिओतून सांगून टाकलं की माझी एनर्जी संपत चालली आहे, सीझन संपला की मी निघणार. कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंतचं होतं. कुणी काढलं नव्हतं, टीम टेबलमध्ये टॉपवर होती.

संध्याकाळी आम्ही चौघं कोथरूडला एचआरवालीच्या फ्लॅटवर. चहाचा पहिला कप संपायच्या आत आयटीवाल्याने विषय काढला, ‘‘मग? पुढचा कोण?’’

आणि सुरू झालं. ब्रायटनचा दे झेर्बी कसा वाटतो? जेरार्डला आणायचा का? (नाही. मूर्ती म्हणून ठीक आहे, पण मॅनेजर म्हणून नाही.) एचआरवालीने प्रोफेशनल प्रश्न टाकला, ‘‘इंटर्नल कँडिडेट नाही का कुणी?’’ नव्हता. क्लॉपचा असिस्टंट पेप लाइंडर्ससुद्धा त्याच्याबरोबरच निघणार होता. तिला मात्र सगळ्यात कौतुक वाटलं ते नोटिस पीरियडचं. ‘‘चार महिने! आमच्याकडे पोरं शुक्रवारी लॅपटॉप टेबलावर ठेवून गायब होतात.’’

मी तोवर गप्प होते, कारण माझं नाव ठरलेलं होतं. शाबी अलोन्सो. त्याने २००४ ते २००९ लिव्हरपूलची मिडफील्ड सांभाळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुसेनची टीम जर्मनीत तळाच्या आसपास असताना हातात घेतली आणि चालू सीझनमध्ये त्या जानेवारीपर्यंत ती एकही मॅच हरली नव्हती. आणखी काय पाहिजे? देखणा आहे, हा मुद्दा मी मांडला नाही. एचआरवालीने मांडला.

सीए इतका वेळ खिडकीशी उभा होता. तो वळला आणि म्हणाला, ‘‘माणूस अजून गेलेला नाही आणि तुम्ही तेराव्याच्या जेवणाची यादी करताय.’’ चपला घातल्या आणि गेला.

आम्ही हसलो. खरं सांगायचं तर पाचएक मिनिटं हसलो, मग जरा ओशाळलो, आणि मग पुन्हा दे झेर्बीवर आलो. पण त्यानंतर सीए आमच्याबरोबर मॅच बघायला आलाच नाही. फोन केला की म्हणायचा, मार्चएंड आहे. एप्रिलमध्येही मार्चएंडच होता.

फेब्रुवारी-मार्च आमचं हेच चालू. आयटीवाला स्पोर्टिंग लिस्बनच्या रुबेन अमोरिमच्या प्रेमात पडला. मॅच लावायची लिव्हरपूलची आणि बोलायचं पोर्तुगालचं. २५ फेब्रुवारीला क्लॉपने ऐन फायनलमध्ये अकॅडमीची पोरं उतरवून चेल्सीला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं, लीग कप जिंकला. खरं तर त्या रात्री नाचायला पाहिजे होतं. मी मात्र ‘अलोन्सो या पोरांचं काय करेल’ यावर लेक्चर देत होते. आता आठवलं की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते.

एचआरवालीने एकदा मला बरोबर पकडलं. ‘‘तू अलोन्सोला खेळताना पाहिलंयस?’’

पाहिलंय, पण कसं? २५ मे २००५ ची इस्तंबूलची फायनल, हाफटाइमला मिलान ३-० पुढे, मग लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल, आणि तिसरा अलोन्सोचा. पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेला बॉल त्याने आत मारला. मला सगळं पाठ आहे. पण त्या रात्री आपल्याकडे मॅच सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि मी तिसरीत जायच्या तयारीत गाढ झोपले होते. जागा होता तो दादा. मी पाहिली ती नंतर, त्याने आणलेल्या सीडीवर, बहुतेक वीसेक वेळा. म्हणजे ज्या आठवणीच्या जोरावर मी एवढ्या मोठ्या क्लबला मॅनेजर सुचवत होते, ती माझी नव्हतीच. भावाकडून उसनी घेतलेली होती.

‘‘तुम्ही खानदान बघून स्थळ ठरवताय,’’ एचआरवाली म्हणाली. ‘‘मुलगा काय करतो ते बघा ना. टीम तीच राहणार आहे, मग त्या टीमशी जमवून घेणारा शोधा.’’ तिचं म्हणणं साधं होतं. लिव्हरपूल मागे चार डिफेंडर घेऊन खेळणारी टीम. अलोन्सो आणि अमोरिम दोघंही मागे तीन ठेवतात. म्हणजे नवा माणूस येणार, अर्धी टीम बदलणार, वर्षभर ‘प्रोसेस’वर विश्वास ठेवा म्हणणार. आम्ही तिला गप्प बसवलं. फुटबॉल म्हणजे काय रिक्रूटमेंट आहे?

खानदान बघून ठरवण्याचा प्रयोग या क्लबने करूनही पाहिला होता. जुलै २०१० मध्ये रॉय हॉजसन मॅनेजर झाला आणि टीम गाळात गेली. अ‍ॅनफिल्डवर लोक मॅच चालू असताना केनी डॅल्ग्लिशच्या नावाचा गजर करायला लागले. डॅल्ग्लिश म्हणजे १९९० ची शेवटची लीग जिंकून देणारा, लिव्हरपूलकरांचा राजा. जानेवारी २०११ मध्ये मालकांनी हॉजसनला नारळ दिला आणि राजाला परत आणलं. पब्लिकने मागितला, पब्लिकला मिळाला. पुढच्या सीझनला लीग कप आला खरा, पण लीगमध्ये नंबर आठवा. मे २०१२ मध्ये राजाही घरी.

लिव्हरपूलच्या फॅन्सचं मालक ऐकतच नाहीत असं मात्र नाही हं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरलं, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल २-० पुढे होतं, मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून ते ७७ पौंड मागे घेतले. एप्रिल २०२१ मध्ये सुपर लीगचं भूतही दोनेक दिवसांत उतरवलं. म्हणजे ‘हे चालणार नाही’ असं फॅन ओरडला तर ऐकू जातं. ‘हाच पाहिजे’ असं ओरडला तर गॅरंटी नाही. तिथे दर शनिवारी स्टँडमध्ये बसणाऱ्याची ही कथा, तर कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्याला कोण विचारतो?

२९ मार्च, गुड फ्रायडे. पुन्हा सुट्टी, पुन्हा दुपार, पुन्हा बॅड न्यूज. लिव्हरपूलच्या वाईट बातम्या माझ्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून येतात का? अलोन्सोने जाहीर केलं, मी लेव्हरकुसेनलाच राहणार. (तो बरोबर होता. दोन आठवड्यांनी त्याने त्यांना पहिलीवहिली बुंडेसलिगा जिंकून दिली, आणि लीगमध्ये एकही मॅच न हरता.) दोनच दिवसांनी ब्रायटनला हरवून लिव्हरपूल टेबलमध्ये टॉपला. मला आनंद किती झाला? अर्धा.

मग एप्रिल. अटलांटाने अ‍ॅनफिल्डवर येऊन ३-० धुतलं. क्रिस्टल पॅलेसने १-० ने हरवलं. २४ तारखेला एव्हर्टनकडून २-० हार. एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूल शेवटचं हरलं होतं ते २०१० मध्ये, त्याच हॉजसनच्या काळात. क्लॉपच्या शेवटच्या लीगचा निकाल तिथेच लागला. आम्ही तिघं टीव्हीसमोर, पण कुणी कुणाकडे बघेना. एचआरवाली म्हणाली की नोटिस पीरियडवरच्या माणसाचं ऑफिसात हळूहळू कुणी ऐकेनासं होतं, मीटिंगलाही बोलवत नाहीत. तो असतो, पण नसतो. क्लॉपच्या ड्रेसिंग रूममध्ये तसं झालं की नाही, देव जाणे. आमच्या हॉलमध्ये मात्र जानेवारीपासून तेच चाललं होतं.

त्याच आठवड्यात नाव बाहेर आलं. आर्ने स्लॉट. आयटीवाल्याचा पहिला प्रश्न, ‘‘हा कोण?’’ फेयेनूर्दचा कोच. २०२३ मध्ये नेदरलँड्सची लीग जिंकलेला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये एझेड क्लबने त्याला काढलं होतं, कारण तिथे असताना तो फेयेनूर्दशी बोलणी करत होता. एचआरवालीने यावर डोळे मोठे केले. ‘‘आणि डेझिग्नेशन बघितलंस? मॅनेजर नाही, हेड कोच!’’ मार्चमध्ये मायकेल एडवर्ड्स मालकांकडे परत आला होता, रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर झाला होता. या दोघांनी आहे त्या टीमला उचलून पुढे नेईल असा माणूस शोधला. मागे चार डिफेंडर घेऊन खेळवणारा. एचआरवालीने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. नुसती कॉफी ढवळत राहिली. ते जास्त लागलं.

१९ मे, रविवार, क्लॉपची शेवटची मॅच. वुल्व्ह्सला २-० हरवलं. मग तो माइक घेऊन मैदानात आला आणि अख्ख्या अ‍ॅनफिल्डला गाणं म्हणायला लावलं. स्वतःचं नाही, आर्ने स्लॉटच्या नावाचं! स्लॉटची अधिकृत घोषणाही तोवर झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी झाली. जाणारा माणूस येणाऱ्याचं नाव घेतोय आणि साठ हजार लोक, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अलोन्सोच हवा होता, रडत रडत मागे म्हणतायत.

मी सीएला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. आवाज भरलेला. घरी एकटाच बघत होता.

‘‘आता बोला,’’ तो म्हणाला, ‘‘कुणाचं बोलायचंय त्याचं.’’

बोलायला आता शिल्लक काय होतं?

पुढच्या सीझनला तो यायला लागला. स्लॉटने त्या समरमध्ये लगेच खेळवायला म्हणून एकच खेळाडू घेतला, किएझा. सप्टेंबरमध्ये फॉरेस्टकडून घरच्या मैदानावर हरला तेव्हा आयटीवाला ‘अमोरिम असता तर’ म्हणालाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम मँचेस्टर युनायटेडला गेला आणि युनायटेडने तो सीझन पंधराव्या नंबरवर संपवला, तेव्हापासून ते वाक्य बंद आहे. २७ एप्रिल २०२५ च्या रविवारी रात्री टॉटनहॅमला ५-१ हरवून लिव्हरपूल चॅम्पियन. चार मॅच बाकी असताना, जवळपास त्याच टीमला घेऊन. माइक हातात आल्यावर स्लॉटने काय केलं? क्लॉपच्या नावाचं गाणं म्हटलं. सीए उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही. आम्हीही बोलावलं नाही.

आता २६ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. मधल्या काळात खेळाडूंवर चारशे मिलियन पौंडांहून जास्त पैसा ओतलेला. पीएसव्हीने अ‍ॅनफिल्डवर येऊन ४-१ ने फोडलं. बारा मॅचमध्ये नववी हार. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत आलेले. चौघंही आपापल्या घरी, ग्रुप कॉलवर. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आयटीवाल्याने घसा खाकरला.

‘‘माणूस अजून गेलेला नाही,’’ सीए ताबडतोब म्हणाला.

‘‘शॉर्टलिस्ट करायला काय हरकत आहे?’’ एचआरवाली.

मी फोन म्यूटवर ठेवला होता. पण नाव माझ्या तोंडावर आलेलं होतं. कुणाचं, ते सांगायला नकोच.